'लक्ष्यवेधी' औषधे आणि बेरजेचा मोह

'लक्ष्यवेधी औषध' म्हटले की डोळ्यांपुढे नेमका बाण येतो. रोगट पेशी मरणार, शेजारच्या निरोगी पेशीला धक्काही लागणार नाही! फुप्फुसाच्या कर्करोगावरील चाचण्या पाहिल्या, की हा शब्द जपून वापरावा असे आम्हांला वाटते.

शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या तिसऱ्या टप्प्यातील रोग्यांना किरणोपचार व रसायनोपचार एकत्र देतात. त्यात सेटुक्सिमॅबची भर घातली तर? हे औषध पेशीच्या पृष्ठभागावरील ईजीएफआर हा ग्राहक रेणू अडवते. डोके व मानेच्या कर्करोगात किरणोपचाराला त्याची जोड लाभदायक ठरल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले होते. म्हणजे आशा अनाठायी नव्हती.

अमेरिकेतील 'आरटीओजी ०६१७' चाचणीत ती तपासली गेली. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांचा जगण्याचा मध्यक काळ (निम्मे रोगी ज्याहून अधिक जगले तो) २५ महिने, न घेणाऱ्यांचा २४. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. तीव्र दुष्परिणाम मात्र ७० टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेले.

असे का व्हावे? ईजीएफआर त्वचेत आणि अन्ननलिकेच्या अस्तरातही असतो. बेव्हॅसिझुमॅबची गोष्ट अशीच. ते नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखते. पण किरणांनी पोळलेले अस्तर भरून यायलाही त्या लागतात. दोन छोट्या चाचण्यांत काही रोग्यांच्या श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये भोक पडले आणि त्या चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या. लक्ष्य अचूक असले, तरी ते फक्त शत्रूच्याच घरात असते असे नाही.

मग ही औषधे टाकाऊ आहेत का? मुळीच नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'लॉरा' चाचणीत ईजीएफआर जनुकात बदल असलेले रोगीच निवडले आणि ऑसिमर्टिनिब हे औषध किरणोपचार संपल्यावर दिले. रोग न वाढता गेलेला मध्यक काळ ५.६ महिन्यांवरून ३९.१ महिन्यांवर गेला. किरणांमुळे येणारी फुप्फुसाची सूजही अधिक आढळली, ३८ ऐवजी ४८ टक्के रोग्यांत. पण ती बहुतांशी सौम्य होती. येथे औषध वेगळे, रोगी निवडलेले आणि वेळही निराळी. आधीच्या चाचणीत अशी निवड नव्हती, हे तिचे उणेपण मान्य करायला हवे.

नव्या औषधाची बातमी वर्गात वाचताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे. तुलना कोणाशी केली? लाभ किती झाला? आणि त्यासाठी रोग्याच्या शरीराने काय किंमत मोजली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर बातमी अर्धीच आहे.