मातीची भिंत आणि शेवटच्या रांगेतील श्रोता

मातीच्या वास्तूविषयी आज जे लिहिले जाते, त्यात मातीच्या गुणांपेक्षा ‘माती’ ह्या शब्दाच्या पुण्याईवरच अधिक भिस्त असते. मातीचा गंध, मातीची ओढ अशा रूपकांनी भिंतीचे परीक्षण होत नाही. रंगगृहाच्या बाबतीत हे विशेष खटकते. कारण तेथील भिंतीची खरी परीक्षा डोळ्यांनी नव्हे, कानांनी व्हावयाची असते.

स्वित्झर्लंडमधील इलान्त्स ह्या लहान गावचे ‘सिनेमा सिल प्लात्स’ हे ह्या दृष्टीने विचारार्ह उदाहरण होय. कापाउल व ब्लुमेन्थाल ह्या वास्तुशिल्पज्ञांनी एका जुन्या इमारतीत ठोकलेल्या मातीच्या भिंती उभारून चित्रपट व संगीत ह्यांसाठी हे छोटे गृह सिद्ध केले. नावाचा अर्थ ‘चौकात’. भाषा रोमान्श, जी १९३८ च्या जनमतकौलाने त्या देशाची चौथी राष्ट्रभाषा ठरली.

कच्ची वीट, कुडाचे लिंपण आणि ठोकलेली माती ह्या तिन्हींना आपण सरसकट ‘मातीची भिंत’ म्हणतो. वस्तुतः तिसरा प्रकार अगदी निराळा आहे. त्यात दमट माती फळ्यांच्या साच्यात थराथराने घालून धुम्मसाने ठोकतात. अर्धा मीटर जाडीच्या अशा भिंतीचे वजन दर चौरस मीटरास सुमारे एक टन भरते. हे वजन बाहेरचा आवाज अडवते. म्हणूनच चौकातल्या गृहास ती शोभते.

परंतु ज्या घट्टपणामुळे बाहेरचा गलबला आत येत नाही, त्याच घट्टपणामुळे आतला ध्वनी भिंतीवरून परततो. गायनास असा निनाद काही अंशी पोषक असतो. संवादास मात्र तो मारक ठरतो. लांबलेल्या स्वराचा निनाद पुढच्या दुर्बल व्यंजनास झाकून टाकतो. ‘पाट’ आणि ‘पाठ’ ह्यांतील भेद केवळ महाप्राणाचा आहे. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यापूर्वी प्रथम तोच लोपतो.

तेव्हा ध्वनी शोषून घेणारे छत, पडदे व आसने ह्यांचा विचार भिंतीबरोबरच व्हावयास हवा. तसेच भिंत कितीही जड असली, तरी तिच्यावर पत्र्याचे छप्पर आणि तिच्यात फटीचे दार असेल, तर पहिल्याच पावसात तिचे सारे श्रेय वाहून जाते.

आमचा आक्षेप इलान्त्सच्या वास्तूवर नाही. मातीच्या भाबड्या स्तुतीवर आहे. लहान गावात रंगगृह एकच असते. तेथे शब्द ऐकू आला नाही, तर श्रोत्यास दुसरीकडे जाण्याची सोय नसते.