वनातील दत्तकविधान : दामोदररावांच्या कथनातील कुटुंबकल्पना

झाशीविषयक वाङ्मयाचा केंद्रबिंदू राणी लक्ष्मीबाई हा आहे. द. ब. पारसनीस यांचे मराठी चरित्र (१८९४), वृंदावनलाल वर्मा यांची हिंदी कादंबरी (१९४६) आणि महाश्वेतादेवींचे बंगाली चरित्र (१९५६) या तिन्ही भाषांतील कृतींचा उत्कर्षबिंदू राणीच्या जीवनसंघर्षात व जून १८५८ मधील तिच्या मृत्यूत आहे. राणीमागे उरलेल्या सुमारे नऊ वर्षांच्या मुलाला कोणी व कसे वाढविले, हा प्रश्न त्यामुळे परिशिष्टात गेला. य. न. केळकर यांच्या ‘इतिहासाच्या सहली’ (१९५९) या ग्रंथात दामोदररावांचे म्हणून प्रसिद्ध झालेले कथन या प्रश्नाला सामोरे जाते.

ग्वाल्हेरच्या पराभवानंतर सुमारे ६० माणसे, ६० उंट आणि २२ घोडे एवढा परिवार मुलाला घेऊन निघाला, असे हे कथन सांगते. इंग्रजांच्या सूडाच्या धास्तीने बुंदेलखंडातील गावे आश्रय देण्यास धजेनात. म्हणून रानाखेरीज ठिकाण उरले नाही. दोन वर्षांच्या हालअपेष्टांनंतर सुमारे १२ माणसे उरली. पुढे २४ जणांची दुसरी टोळी भेटली, झालरापाटण गाठले गेले आणि अखेर शरणागती पत्करली गेली. मे १८६० मध्ये कथन संपते. या संख्या केवळ तपशील म्हणून वाचता येत नाहीत. त्या क्रमाने वाचल्या, की एका राजपरिवाराचे घरात रूपांतर होताना दिसते.

या रूपांतराचा संबंध दत्तकविधानाशी आहे. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधररावांनी मृत्यूपूर्वी मुलाला दत्तक घेतले. डलहौसीच्या शासनाने वारसा नाकारून १८५४ मध्ये झाशी खालसा केली. कायद्याने जे नाते अमान्य केले, ते रानात कोणत्याही सनदेवाचून टिकले. तेथे मुलाजवळ देण्यासारखे काहीही नव्हते. तरीही त्याला स्वामीपुत्र मानणारी माणसे त्याच्याभोवती होती. शरणागतीनंतर सालिना १०,००० रुपयांचे निवृत्तिवेतन, सात सेवक आणि पालक म्हणून मुन्शी धर्मनारायण अशी व्यवस्था झाली. कुटुंबात किती माणसे असावीत, हे आता शासन ठरवू लागले. मात्र यावरून वनवासाचे उदात्तीकरण करणे योग्य ठरणार नाही. साठांतून बारा उरणे ही त्या स्वायत्ततेची किंमत होती आणि ती स्वेच्छेने पत्करलेली नव्हती.

‘वनवास’ ही संज्ञाही येथे अपुरी पडते. रामकथेत व पांडवकथेत वनवासाला मुदत आहे आणि मुदतीअंती आपल्या राज्यावरील हक्काची आशा आहे. झाशीचा वेढा प्रत्यक्ष अनुभवलेल्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ (१९०७) मध्येही वरसईचे घर व तेथील आप्तजन हे प्रवासाचे अखेरचे स्थान आहे. दामोदररावांच्या कथनात मुदत नाही आणि परतीचे घरही नाही. रानातून निघालेली वाट झाशीकडे न जाता इंदूरकडे जाते. त्यामुळे ही संहिता प्रवासवर्णन आणि वनवासकथा या दोन्ही परंपरांच्या सीमेवर उभी राहते.

कथनाच्या अस्सलपणाबद्दल शंका घेतली गेली आहे. मौखिक परंपरेतील हकिकती मागाहून लेखनबद्ध झाल्या असण्याची शक्यता मोठी आहे. तसे असल्यास प्रत्येक प्रसंगाचा पुरावा म्हणून तिचा उपयोग मर्यादित होतो. परंतु तिचे वाङ्मयीन मोल नाहीसे होत नाही. मग कथनातील ‘मी’ एका मुलाचा न राहता त्याला सांभाळणाऱ्या समूहाच्या आठवणींनी घडलेला ठरतो. राणीचे चरित्र जेथे शौर्यात पूर्ण होते, तेथे या समूहाचे काम सुरू होते. शौर्याला चरित्र, पोवाडा, कादंबरी असे वाङ्मयप्रकार लाभले; संगोपनाला मात्र एका संशयित संहितेचा आधार मिळाला. तौलनिक अभ्यासाने या विषमतेची दखल घेणे आवश्यक आहे.