रणस्मारकांवरील लेख : काही विचार

ताम्रपट, दानलेख आणि मंदिरलेख यांना अभ्यासकांनी जो मान दिला, तो रणभूमीवरील स्मारकलेखांच्या वाट्यास क्वचितच आला. तिथी अथवा नावे पडताळण्यापुरते त्यांच्याकडे वळावयाचे आणि काम झाले की ते बाजूस सारावयाचे, अशीच रीत दिसते. वस्तुतः स्मारकलेख ही एक रचना असते. कर्तेपण कोणास द्यावे, काय सांगावे आणि काय गाळावे यांविषयीचा निर्णय तीत आधीच होऊन गेलेला असतो. त्या निर्णयाची चिकित्सा केल्यावाचून लेखातील माहितीवर विसंबणे धोक्याचे आहे.

महाराष्ट्रातील वीरगळाने हा प्रश्न फारसा उभाच केला नाही. खालच्या थरात युद्ध, त्यावर वीरास नेणाऱ्या अप्सरा, शिखराजवळ शिवपूजा आणि चंद्रसूर्य, हा त्याचा ठरीव क्रम होय. नाव बहुधा कोरलेले नसते; ते गावाने लक्षात ठेवावे अशी अपेक्षा असावी, आणि गाव ते विसरते. बोरिवलीनजीक एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते कोरली आहेत. शिल्प इतके बोलके असूनही युद्ध कोणते याचा उलगडा होत नाही. काही अभ्यासक त्याचा संबंध यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्या 1265 च्या सुमाराच्या संघर्षाशी जोडतात, तर काहींनी हे दगड त्याहून बरेच मागे नेले आहेत. वाचता येण्याजोगा लेख नसल्यामुळे दोन्ही पक्ष अनुमानावरच उभे आहेत. वीर अमर झाला, पण तो कोण हे मात्र हरपले.

भीमेकाठच्या कोरेगावचा स्तंभ याच्या नेमका उलट टोकास आहे. 1 जानेवारी 1818 रोजी कॅप्टन स्टाँटन याची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली असता तिची बाजीराव दुसरा याच्या सैन्याशी गाठ पडली. सुमारे आठशे लोकांनिशी ती गावात शिरली आणि दिवसभर लढली. स्तंभाची पायाभरणी 1821 मध्ये झाली आणि त्यावरील लेख 1822 चा आहे. तो इंग्रजी व मराठी या दोन्ही भाषांत आहे. पेशव्याच्या समग्र सैन्याने, त्याच्या प्रत्यक्ष आधिपत्याखाली, तुकडीस वेढले असे तो सांगतो. हे विधान अर्धेच खरे आहे. पेशव्याची फौज अफाट होती हे निर्विवाद. परंतु गावावर चालून गेलेल्या अरब, गोसावी इत्यादी पायदळाच्या टोळ्या तीमानाने लहान होत्या. ग्रँट डफच्या वृत्तांताप्रमाणे बाजीराव स्वतः नदीपलीकडे सुमारे दोन मैलांवरील उंचवट्यावर थांबला होता. जनरल स्मिथ जवळ येत असल्यामुळे पेशव्याने तळ हलविला, आणि स्टाँटन पुण्यास न जाता जखमींसह शिरूरला परतला, या दोन्ही गोष्टींविषयी लेख मौन पाळतो. शत्रूचा पूर्ण मोड झाला असा ठसा मागे राहावा हाच त्यात हेतू दिसतो.

याहूनही लक्षणीय आहे ती वाक्यरचना. लेखाच्या मध्यभागी स्टाँटन हा कर्ता आहे. त्याने निकराचा प्रतिकार चालविला, आणि तुकडीच्या अजिंक्य वृत्तीने त्यास साथ दिली. शिपाई येथे साहाय्यक म्हणून येतात. परंतु समारोपात लेखकाची लेखणी वळते. त्या दिवसाचे यश ज्यांच्या धैर्यामुळे लाभले ते शूर सैनिकच होत असे सांगून मृत व जखमींची नावे कोरण्याची सरकारची आज्ञा नमूद होते. एकाच लेखात श्रेयाचे असे दोन हिशेब पडले आहेत, आणि त्यांचा मेळ घालण्याचा यत्न केलेला नाही. लेख तयार करणाऱ्यांस ही विसंगती बहुधा जाणवलीच नसावी.

पुढील इतिहास घडला तो या दुसऱ्या हिशेबातून. मृतांच्या 49 नावांपैकी 22 नावांच्या अखेरीस ‘नाक’ हा प्रत्यय आहे, आणि त्यावरून ते शिपाई महार होते हे ओळखता येते. कंपनी सरकारने ही नावे कोरली ती आपल्या सैन्याच्या गौरवार्थ. ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवले होते त्याच्या प्रतिष्ठेचा तो पुरावा ठरेल ही कल्पना तिच्या मनात असण्याचे कारण नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती थांबली, तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने झालेल्या 1910 च्या अर्जात लष्करी सेवेच्या या परंपरेचा आधार घेतला गेला. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्तंभापाशी आले आणि त्यानंतर मुख्य लेख मागे पडून नामावली हाच स्तंभाचा खरा मजकूर झाला. साम्राज्याचे स्मारक म्हणून त्याची निर्भर्त्सना करणारे टीकाकार वरच्या ओळी वाचतात. दरवर्षी तेथे येणारा समुदाय खालची नावे वाचतो. दोघांचेही वाचन दगडावर आधारलेले आहे. मात्र टीकाकारांनी ती नावे न वाचताच निकाल द्यावा, हे संशोधनाच्या शिस्तीत बसत नाही.

पानिपतास काला आंब येथे विटांचा स्तंभ आहे. 14 जानेवारी 1761 च्या संग्रामाची खूण म्हणून तो उभा आहे, आणि ज्या आंब्यावरून त्या स्थळास नाव पडले तो वृक्ष कधीच नाहीसा झाला. तेथे नामावली नाही, आणि ती देणेही शक्य नव्हते. त्या युद्धाची वार्ता दक्षिणेत ज्या सुप्रसिद्ध सांकेतिक पत्राने पोचली, त्यात सरदारांची मोजदाद मोत्यांत व मोहरांत केली आहे, आणि सामान्यांचा खुर्दा अगणित म्हणून सोडून दिला आहे. कोरेगावच्या दगडावर कोरलेली बहुतेक नावे याच खुर्द्यातील आहेत.