शहाण्याला सुट्टी

सॅलड कालवायला चार माणसं लागतात, असं युरोपात गमतीनं म्हणतात. व्हिनेगर घालायला कंजूष, तेल ओतायला उधळ्या, मिठाला शहाणा आणि कालवायला वेडा. इटलीच्या ईशान्येला, फ्रिउली प्रांतात, हिरव्या पानांशेजारी ‘फ्रिको’ आला की यातल्या शहाण्याला मात्र काम उरत नाही. या साध्या ताटलीची खरी गंमत मला तिथेच दिसते.

फ्रिको म्हणजे चीजची कुरकुरीत चकती. (बटाटा घातलेला जाड, मऊ फ्रिकोही असतो, पोलेंटाबरोबर खातात. त्याचं कौतुक पुन्हा कधीतरी.) चीज तिथलंच, मोंताझियो. दोन महिन्यांचं असेल तर मवाळ, दुधाळ. दहा महिन्यांपुढचं कोरडं, किसताना भुरभुरणारं, जिभेला जरा झोंबणारं. चकतीला हे मुरलेलंच हवं. मूळचा हा काटकसरीचा पदार्थ, चीजच्या कडा छाटताना निघालेले तुकडे सत्कारणी लावणारा. पण त्याला बडेजावही लाभला. 15व्या शतकात अक्विलेयाच्या धर्माध्यक्षाच्या पदरी असलेल्या मार्तिनो या नामांकित आचाऱ्यानं तव्यावरच्या चीजची कृती लिहून ठेवलीय. वरून साखर आणि दालचिनी!

आता तव्याकडे पाहू. आच मध्यम, तेल अजिबात नको. कीस इतका विरळ भुरभुरायचा की मधून तवा दिसावा. आधी तो वितळून एकजीव होतो, मग बुडबुडे येतात. ते चीजमधलं पाणी. पाठोपाठ तूप सुटतं आणि त्याच तुपात चीजमधली प्रथिनं तळून ताठ होतात. अनारशासारखी जाळी पडते. चरचर मंदावली की पाणी संपलं, चकती उतरवावी. इथे कानावर भरवसा ठेवावा. डोळे ‘अजून थोडं’ म्हणत राहतात आणि तेवढ्यात सोनेरीचं तपकिरी, तपकिरीचं कडू होऊन बसतं. गरम चकती लवचीक असते. पालथ्या वाटीवर टाकली तर तिचाच आकार घेते. अशा चीजच्या वाटीत सॅलड भरून आणायची हौस काहींना असते. मला ते पटत नाही. ओल्या पानांनी तळ मऊ पडतो, मग एवढा खटाटोप कशासाठी?

पानांचं काम थोडक्यात. लेट्यूस, जोडीला रॉकेटसारखं एखादं कडवट पान. धुऊन अगदी कोरडी करावीत, नाहीतर तेल पानाला धरत नाही. पान कोमेजतं ते बहुतेक तेलामुळे. पानावरचा मेणचट थर व्हिनेगरला दाद देत नाही, तेलाला देतो. म्हणून कालवायचं ते वाढायच्या क्षणी. तेलही उधळ्याच्या हातून जरा काढूनच घ्यावं, कारण चकती आपलं तूप घेऊन येते. आणि मीठ घालूच नये. नुसतं पान खाल्लं तर अळणी लागेल, आंबट-कडू. तसंच लागायला हवं. त्यावर चकतीचा तुकडा मोडून खाल्ला की खारट, खमंग चव पानाच्या रसात मिसळते आणि तो घास पुरा होतो. कोशिंबिरीला सरसकट मीठ लावणाऱ्या आपल्या हाताला हा संयम जड जातो.

मोंताझियो न मिळाल्यास पार्मेझान चालतं. शाकाहाऱ्यांनी मात्र वेष्टन वाचून घ्यावं. अस्सल पार्मिजानो रेज्जानोचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटनं साकळवतात.