स्वानुभवाचे नाट्यस्वगत : बोलणारा आहे, ऐकणारा कोठे?

जयंतीच्या वा वर्षावासाच्या निमित्ताने आपल्या विहारांतून एकपात्री प्रयोग होत असतात. माता रमाई, सावित्रीबाई यांच्या जीवनावरील प्रयोगांबरोबरच स्वतःच्या आयुष्यातील एखाद्या प्रसंगावर स्वगत लिहून ते सादर करण्याकडेही आपल्या उपासक-उपासिकांचा ओढा आहे. ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु अशा संहिता वाचताना आम्हांस एक उणीव वारंवार जाणवते. त्यांत बोलणारा असतो, ऐकणारा नसतो. आत्मकथनातील चार पाने पाठ करून म्हटली म्हणजे नाट्यस्वगत होत नाही. पात्र कोणाशी बोलते आणि नेमके याच घटकेला का बोलते, हे लेखकाने आधी ठरविले पाहिजे.

याचा उत्कृष्ट आदर्श आपल्या थेरीगाथेतच आहे. सोळसनिपातातील पुण्णिका ही पूर्वाश्रमीची पाणी वाहणारी दासी. मालकिणींच्या दंडाच्या धाकाने तिला कडाक्याच्या थंडीतही नदीत उतरावे लागे. हा तिचा स्वानुभव. पण तो ती आळवीत बसत नाही. समोर कुडकुडत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, की मला मारण्याचे भय होते, तुला कशाचे आहे? स्नानाने पाप धुतले जात असेल तर बेडूक आणि कासवेही स्वर्गाला जातील, हा तिचा बिनतोड सवाल त्यानंतर येतो. अखेरीस तो ब्राह्मण त्रिशरण घेतो. दुःखाचे कथन अगदी थोडे, पण प्रश्न विचारण्याचा अधिकार तिला त्या दुःखानेच दिलेला आहे. पटाचारेचे उदाहरण याहून निराळे. पती, दोन मुले, आईवडील व भाऊ गमावल्याची तिची कथा धम्मपालाच्या अट्ठकथेत सविस्तर येते. तिच्या स्वतःच्या पाच गाथांत मात्र पाय धुतलेल्या पाण्याचा उताराकडे जाणारा ओघळ आहे आणि सुईने वात ओढून विझविलेला दिवा आहे. आमच्या लेखकांनी या पाच गाथा शांतपणे वाचाव्यात. एकाच स्वगतात दुष्काळ, बहिष्कार, बापाचे आजारपण आणि आईचा मृत्यू असे सारे कोंबण्याचा मोह कदाचित आवरेल.

दुसरा मोह अधिक घातक आहे. तो स्वतःला निष्कलंक दाखविण्याचा. येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनाचे स्मरण होते. त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या 12व्या खंडात (1993) ते समाविष्ट आहे. सुमारे 1901 साली, नऊ वर्षांचे असताना, ते घरातील इतर मुलांसह वडिलांना भेटण्यास निघाले. मसूर स्थानकावर उतरल्यानंतर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन, बैल स्वतः हाकण्याच्या अटीवर गाडी मिळाली. सोबत जेवण होते, पण पाणी नव्हते. गाडीवानाच्या सांगण्यावरून त्या बालकाने टोलनाक्यावर आपण मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागितले, तरीही ते मिळाले नाही. हे खोटे बाबासाहेबांनी झाकलेले नाही. आमच्या मते त्या प्रसंगाचा सारा नाट्यार्थ त्या एका वाक्यात आहे. भविष्यातील घटनाकाराची चाहूल देणारे भाषण जर कोणी त्या तहानलेल्या मुलाच्या तोंडी घातले, तर प्रेक्षक टाळ्या वाजवतील. मुलगा मात्र रंगमंचावरून नाहीसा होईल.

ऐकणारा माणूस परकाच असावा असे मात्र नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) दगडू आपली कहाणी लेखक झालेल्या दया पवारांनाच ऐकवितो. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसतात, आणि त्या बैठकीतूनच कथनाला ताण येतो.

आमच्या परिचयातील, निवृत्तीला आलेल्या एका उपासकांनी आपली संहिता आम्हांस वाचावयास दिली होती. तरुणपणी शहरात खोली शोधताना घरमालकाने जात विचारली आणि त्यांनी छाती पुढे काढून बाणेदार उत्तर दिले, असा प्रसंग त्यात होता. भाषा ठसकेबाज होती, तरी काहीतरी पोकळ लागत होते. आम्ही फक्त एवढेच विचारले, “मग खोली मिळाली का?” ते बराच वेळ गप्प राहिले. खोली मिळाली होती. कारण त्यांनी दुसरेच आडनाव सांगितले होते. गावाकडून आईची पत्रे येत, ती घरमालकाच्या हाती पडू नयेत म्हणून पुढे दोन वर्षे ते रोज गल्लीच्या कोपऱ्यावर पोस्टमनची वाट पाहत उभे राहत.

हे सांगताना त्यांना लाज वाटत होती, आणि लाज त्यांची नव्हती हे समजण्यास त्यांना आयुष्य लागले होते. पण हे समजणे स्वगतातील बावीस वर्षांच्या तरुणाच्या तोंडी घालू नये, असा आग्रह आम्ही धरला. त्यांनी संहिता पुन्हा लिहिली. नव्या संहितेत घरमालक रंगमंचावर येतच नाही. कोपऱ्यावर उभा असलेला तरुण पोस्टमनशी बोलतो, कारण त्या अख्ख्या गल्लीत त्याचे खरे आडनाव ठाऊक असलेला तो एकच माणूस आहे.