सातवं छिद्र आणि आपलं अर्धवट ऐकणं

माझ्या संशोधन आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : ‘पन्नालाल घोष यांनी सातवं छिद्र पाडलं आणि बासरीत गायकी आली.’ असं काहीतरी तुम्हीही वाचलं असेल. मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलने एवढंच लिहिलं, ‘ऐकलंस की वाचलंस?’ खरं सांगायचं तर, वाचलं होतं. मग पापडीतल्या घरी घोषांचा यमन लावला आणि हातात बासरी घेऊन बसलो.

आधी वाद्य समजून घ्या. सहा छिद्रांच्या बासरीवर वरची तीन बंद केली की सा, सगळी उघडली की तीव्र म. त्यापुढचा मध्य सप्तकातला प मात्र सगळी बंद करून, फुंकीचा जोर वाढवून काढावा लागतो. म्हणजे शेजारच्या दोन स्वरांसाठी सहाही बोटं एकदम पडतात. गळ्याला हा सांधा नसतो, बासरीला असतो. करंगळीखालचं सातवं छिद्रही बंद करून जोराने फुंकलं, तर तोच तीव्र म खालच्या बाजूने मिळतो. मग करंगळी सावकाश उचलली की म ते प सलग मींड निघते. शिवाय मंद्रात प च्या खाली आणखी एक स्वर हाती लागतो.

घोषांचा यमन (जन्म 1911, निधन 1960, म्हणजे ध्वनिमुद्रण जुनं) ऐकताना मला सर्वांत भावतं ते हे, की सांधा लपवण्याची धडपड कुठे जाणवत नाही. स्वर आधी स्थिरावतो, मग हलतो. लांब बासरीचा भारदस्त मंद्र आहे, आणि ख्यालासारखी बिनघाईची बढत आहे.

पण याचं श्रेय एका छिद्राला द्यायचं? इथेच माझं वाक्य कोसळलं. हरिप्रसाद चौरसिया सहा छिद्रांवरच वाजवतात. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मधली त्यांची बासरी ऐका. तिथेही मींड आहेच. बोट छिद्रावरून थोडं थोडं सरकवून ती काढता येते. म्हणजे छिद्राने एक विशिष्ट सांधा सोपा केला, मंद्राची मर्यादा वाढवली. बाकीचं काम फुंकीने, बोटांनी आणि रागाच्या समजेने केलं.

तुम्ही असा दावा तपासणार असाल, तर तीन गोष्टी सांभाळा.

एक, स्वतः वाजवून बघा. रोज दहा मिनिटं तानपुऱ्यावर मंद्र प धरा, मग म-प चा सांधा दोन्ही पद्धतींनी घ्या. फोनवर रेकॉर्ड करा.

दोन, ‘प्रात’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढा, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. फुसफुशीत मंद्र स्वर कधी कधी एक सप्तक वर दाखवला जातो.

तीन, अंतरं सा पासून मोजा. हवा 1 अंशाने तापली की बासरी साधारण 3 सेंट चढते. वसईचा मे महिना आणि एसी स्टुडिओ यांत 8 अंशांचा फरक धरला, तर जवळपास एका श्रुतीएवढी गफलत होते! जुन्या तबकडीचा वेग बदलला तरी तेच.

आणि जुन्या मुद्रणात फुंकीचे बारकावे पुसट झालेले असतात. तिथे ठाम विधान करू नका.

माझं वाक्य आता असं आहे : ‘सातव्या छिद्रामुळे तीव्र म आणि प यांमधली मींड सलग घेणं शक्य झालं.’ लहान आहे, पण व्हायव्हात कोणी विचारलं तर बासरी काढून दाखवता येईल.