नौकेंतील मालाची जोखीम व स्मृतिवचनें

समुद्रमार्गें नेलेला माल नष्ट झाल्यास तो कोणीं भरून द्यावा, या प्रश्नाचें उत्तर आमच्या स्मृतींत अर्वाचीन कायद्याप्रमाणेंच दिलें आहे, असें विधान वारंवार वाचनांत येतें. आधार म्हणून मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतील ४०८ व ४०९ हे श्लोक पुढें करण्यांत येतात. नाविकांच्या अपराधानें जें नष्ट होईल तें त्यांनीं मिळून, आपापल्या अंशाप्रमाणें भरावें; दैविक आपत्तींत दंड नाहीं, असा त्यांचा अर्थ. अर्थ बरोबर आहे. अनुमान मात्र प्रकरण न पाहतां काढलेलें आहे. हे श्लोक तरीच्या प्रकरणांतील होत. लगतच्या ४०६ व्या श्लोकांत देशकालानुसार भाडें ठरविण्याचा नियम नदीपुरता असून समुद्रास तें लक्षण लागत नाहीं, हें मनूनेंच स्पष्ट केलें आहे. जेथें भाड्याचाच नियम नदीपुरता, तेथें भरपाईचा नियम समुद्रास निःशंकपणें लावणें हें धाडस होय.

शिवाय, जें साम्य म्हणून दाखवितात तेंच विसंगत आहे. १९२५ च्या समुद्रमार्गीय मालवाहतुकीच्या कायद्यानें, व त्याच्या जागीं आलेल्या २०२५ च्या कायद्यानेंही, कप्तान व खलाशी यांच्या नौकानयनांतील चुकीबद्दल जहाजवाल्यास दायित्वांतून मुक्त केलें आहे. मनु नेमका त्याच चुकीबद्दल नाविकांस धरतो, आणि नौकेच्या मालकाचें नांवही काढीत नाहीं! कौटिल्य अधिक जवळ येतो. माणसें वा सामग्री अपुरी असलेली, किंवा दुरुस्ती न केलेली नौका बुडाल्यास नावध्यक्षानें नुकसान भरावें, असें तो सांगतो. परंतु तें राजाच्या अधिकाऱ्याचें दायित्व. व्यापारी व नाखवा यांच्यांतील कराराचें नव्हे.

समुद्राचा खरा विचार ऋणादान प्रकरणांत सांपडतो. याज्ञवल्क्यानें समुद्रगामी ऋणकोस दरमहा शेंकडा वीस व्याज सांगितलें (२.३८), आणि मुद्दलच बुडण्याची शंका असते म्हणून, असें त्याचें कारण विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत दिलें. म्हणजे जोखीम वाहणाऱ्यावर नसून धनकोवर होती. पश्चिम किनाऱ्यावर चालत असलेल्या जोखमी हुंडीचें तत्त्व हेंच. माल सुखरूप पोंचला तरच हुंडीचे पैसे देय. बुडाला तर हुंडी विकत घेणाऱ्याचें नुकसान. विम्याचें काम या एका कागदानें होत असे. मनूच्या दोन श्लोकांवर पानेंच्या पानें लिहिणाऱ्यांनीं या हुंडीचा उल्लेखही करूं नये, याचें नवल वाटतें.

आमच्या वलवणाजवळच कार्ल्याच्या चैत्यांत धेनुकाकटच्या यवनांनीं दिलेले स्तंभ आहेत. बोरघाटाच्या व्यापाराशीं त्यांचा संबंध जोडतात, तो योग्यच. पण माल कोणत्या अटीवर आला हें स्तंभावरून कळावयाचें नाहीं. तें कळेल तर सावकारी दप्तरांतून. संग्राहक सनदा व महजर जपतात आणि हुंड्या रद्दींत टाकतात. यापुढें जोखमी हुंडी हातीं आल्यास तिच्या मजकुराबरोबर पाठीवरील शेरेही उतरून घ्यावेत आणि नौका, बंदर व तिथि यांची नोंद असेल तर ती गाळूं नये.